हिमपथावरील विजेता : थोर्लाइफ हाउग

आपण गोमंतकातील माणसे पावसाला सरावलेली. बर्फ आपण पाहतो तो सरबताच्या पेल्यात, नाही तर मासळीच्या पेटीत. परंतु युरोपच्या उत्तर टोकाला असलेल्या नॉर्वे देशात हिवाळ्याचे कित्येक महिने शेते, रस्ते आणि रानवाटा हिमाखाली गाडल्या जातात. अशा वेळी शेजारच्या गावी जायचे झाले, तर पूर्वी तेथील माणूस पायांना लांब, अरुंद आणि पुढच्या टोकाशी वर वळलेल्या लाकडी फळ्या बांधीत असे आणि काठीने रेटा देत हिमावरून घसरत जाई. या फळ्यांनाच स्की म्हणतात. नदीकाठच्या मुलाला होडी जशी परकी नसते, तशीच तिकडच्या मुलाला स्की. गरजेतून जन्मलेले हे साधन पुढे त्या राष्ट्राचा आवडता खेळ झाले. या खेळाने नॉर्वेला जे अनेक वीर दिले, त्यांत थोर्लाइफ हाउगचे नाव अग्रभागी आहे.

हाउगचा जन्म २८ सप्टेंबर १८९४ रोजी द्रामेन शहरानजीकच्या लीअर भागात झाला. त्या काळी यंत्राने आखून दिलेले गुळगुळीत मार्ग नव्हते. चढण, उतरण, झाडी आणि भुसभुशीत हिम यांतून वाट काढावी लागे. थंडीचे मान बदलले की हिमाचा पोतही बदले आणि स्कीच्या तळाला कोणते मेण लावायचे हे अनुभवानेच ठरवावे लागे. मेण चुकले तर फळी मागे सरके, नाही तर हिम तिला चिकटून बसे. अंगात बळ असून भागत नसे. निसर्गाची पारखही हवी असे.

राजधानीजवळील होल्मेनकोलेन येथील शर्यती म्हणजे नॉर्वेतील स्कीपटूंची खरी कसोटी. तेथील ५० किलोमीटरची शर्यत हाउगने १९१८ ते १९२१ अशी सलग चार वर्षे आणि नंतर १९२३ व १९२४ मध्ये, म्हणजे एकूण सहा वेळा जिंकली. धावणे व उडी या दोहोंच्या संयुक्त स्पर्धेतही १९१९, १९२० आणि १९२१ या वर्षी तोच पहिला आला.

१९२४ च्या जानेवारीत फ्रान्समधील शामोनी या गावी हिवाळी क्रीडांचा आंतरराष्ट्रीय सप्ताह भरला. मों ब्लां या हिमशिखराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. सोळा राष्ट्रांचे खेळाडू तेथे जमले. गमतीची गोष्ट अशी की, अशा स्पर्धांना प्रथम विरोध होता तो नॉर्वे व स्वीडन या हिमदेशांचाच. आपल्या घरच्या जुन्या स्पर्धांचे महत्त्व त्यामुळे कमी होईल, अशी त्यांना भीती वाटे. तरीही नॉर्वेने संघ धाडला आणि हाउग परक्या भूमीवर उतरला.

३० जानेवारीस ५० किलोमीटरची शर्यत झाली. त्या काळी या शर्यतीत सारे स्पर्धक एकदम सुटत नसत. ठरावीक अंतराने एकेकाला सोडत आणि शेवटी घड्याळ निकाल देई. प्रतिस्पर्धी पुढे आहे की मागे, हे डोळ्यांना दिसत नसे. आपल्या दमाचा हिशेब आपणच राखावा लागे. हाउगने ते अंतर ३ तास ४४ मिनिटे ३२ सेकंदांत तोडले. त्याचा देशबंधू स्ट्रोमस्टाड त्याच्यामागे १ मिनिट ५१ सेकंदांनी आला. पहिले चौघेही नॉर्वेचेच होते. २ फेब्रुवारीस १८ किलोमीटरची शर्यतही हाउगनेच जिंकली आणि पुढे संयुक्त स्पर्धेत त्याने तिसरे सुवर्णपदक मिळविले. ४ फेब्रुवारीच्या स्की-उडीच्या स्पर्धेत तो तिसरा ठरला. अशी चार पदके घेऊन तो मायदेशी परतला. १९२६ साली याच सप्ताहाला पहिले हिवाळी ऑलिंपिक म्हणून मान्यता मिळाली आणि हाउगचे नाव ऑलिंपिकच्या इतिहासात कायमचे कोरले गेले.

परंतु आयुष्याची दोरी आखूड होती. १२ डिसेंबर १९३४ रोजी फुफ्फुसदाहाच्या विकाराने, अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. १९४६ मध्ये द्रामेनकरांनी त्याचा पुतळा उभारला.

कथा येथे संपली असती. पण तिचा खरा शेवट पुढेच आहे. उडीच्या स्पर्धेत हाउगला १८ गुण देण्यात आले होते आणि अमेरिकेचा आंदेर्स हाउगेन १७.९१६ गुणांनी चौथा ठरला होता. हाउगेन हाही जन्माने नॉर्वेचाच. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला. कित्येक वर्षांनी वृद्ध स्ट्रोमस्टाडने गुणांच्या बेरजेत चूक असल्याचे सांगितले. क्रीडा-इतिहासकार याकोब व्होगे यांनी कागदपत्रे पडताळली, तेव्हा हाउगचे खरे गुण १७.८२१ भरले. चूक गणना करणाऱ्यांची होती, हाउगची नव्हे. तो तर चाळीस वर्षांपूर्वीच जग सोडून गेला होता. तरीही ऑलिंपिक समितीने निकाल दुरुस्त केला. १९७४ मध्ये ओस्लो येथे हाउगच्या कन्येने आपल्या पित्याचे ते कांस्यपदक वृद्ध हाउगेनच्या हाती स्वतः सोपविले. पन्नास वर्षांनी ते योग्य स्थळी पोहोचले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. चूक उघड करणारा स्ट्रोमस्टाड हा हाउगचाच सहकारी व देशबंधू. तो गप्प राहिला असता तर कोणी विचारणारे नव्हते. कन्येच्या दृष्टीने तर ते पदक म्हणजे पित्याची स्मृती. पण जे आपले नाही ते घरात ठेवून पित्याची कीर्ती वाढत नाही, हे तिने ओळखले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गुणांची बेरीज चुकून आपल्याला दोन गुण अधिक पडले, तर आपल्यापैकी किती जण गुरुजींकडे परत जातात? प्रत्येकाने आपल्याच मनाला विचारावे.

चारांतले एक पदक गेले, तीन उरली. त्या तिन्हींची झळाळी मात्र पूर्वीपेक्षा वाढली. कारण ती निखळ त्याच्या श्रमाची आहेत, हे आता सारे जग जाणते.