पुण्यातल्या टोमॅटोवर आलेल्या किडीला ९७ वर्षं आधीच नाव देऊन ठेवणारा इंग्लंडचा मास्तर

पावसाळ्यात पन्हाळ्यावर मुक्काम केलाय कधी? लाईट लावला की बल्बभोवती तांदळाच्या दाण्याएवढे पतंग जमतात. आपण त्यांना सरसकट किडे म्हणतो आणि लाईट घालवून झोपतो. पण एका माणसाने आयुष्यभर अशा बारक्या पतंगांना नावं ठेवली. म्हणजे खरोखरची, शास्त्रीय नावं.

त्याचं नाव एडवर्ड मेरिक.

जन्म १८५४, इंग्लंड. केंब्रिजला शिकला आणि १८७७ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला. तिथे आणि न्यूझीलंडमध्ये शाळेत शिकवता शिकवता त्याचा पतंगांचा नाद वाढत गेला. १८८७ मध्ये तो परतला आणि ज्या मार्लबरो कॉलेजमध्ये शिकला तिथेच मास्तर झाला. विषय कोणता? लॅटिन आणि ग्रीक. पतंग हा फावल्या वेळेतला उद्योग.

हळूहळू जगभरातून त्याच्याकडे पतंग यायला लागले. बिहारमधल्या पुसाच्या कृषी संस्थेतून थॉमस फ्लेचर पाठवायचे, आपल्या शेजारच्या कारवारमधूनही नमुने जायचे. मेरिक भिंगातून पंखांचे रंग, ठिपके, शिरा बघायचा, वर्णन लिहायचा आणि नाव द्यायचा. १९१२ पासून तर त्याने यासाठी स्वतःचंच नियतकालिक काढलं. १९३८ मध्ये तो वारला, तोवर त्याच्या नावावर १४ हजारांहून जास्त प्रजाती होत्या.

आता म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग?

१९१७ मध्ये मेरिकने दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आलेल्या एका करड्या पतंगाचं वर्णन छापलं. तोच आज शेतकऱ्यांना टुटा म्हणून माहीत आहे. याची अळी टोमॅटोचं पान आतून पोखरते, मग फळात शिरते. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये पोचला आणि २०१४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या टोमॅटोवर सापडला. कीड नवीन होती, पण नाव आधीपासून होतं. नाव कळलं की बाकीच्या देशांनी काय उपाय केले ते शोधता येतं, त्याच किडीचे कामगंध सापळे लावता येतात. नाव नसतं तर सगळी सुरुवात शून्यापासून करावी लागली असती.

पण मेरिकचं सगळंच बरोबर होतं असं नाही. दिसायला सारखे पतंग वेगळे ओळखायचे तर त्यांचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. तो त्याकडे दुर्लक्ष करायचा. त्यामुळे त्याच्या कितीतरी प्रजाती पुढे दुसऱ्या गटात हलवाव्या लागल्या. हे निस्तरायला नंतरच्या शास्त्रज्ञांची अनेक वर्षं गेली. टुटाची खात्री करायलाही आज तेच जननावयव तपासतात.

मात्र हे तपासता येतं, कारण मेरिकने नमुने जपून ठेवले. त्याचा लाखभर पतंगांचा संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

सह्याद्रीतल्या बारक्या पतंगांची नोंद अजून पुरी झालेली नाही. त्यामुळे पुढच्या वेळी पन्हाळ्यावर गेलात की लाईट घालवण्याआधी बल्बकडे एकदा बघा. त्यातल्या एखाद्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नसेल.