राक्षसाची आई

परवा नांदेडला लेकीकडे गेलो होतो. नातवाने टिम बर्टनचा ‘फ्रँकेनवीनी’ लावला. २०१२ सालचा, बाहुल्या तसूतसूने हलवून एकेक चित्र टिपत केलेला कृष्णधवल चित्रपट. व्हिक्टर नावाचा मुलगा मोटारीखाली मेलेल्या आपल्या कुत्र्याला विजेच्या झटक्याने उठवतो. नातू टाळ्या पिटत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र या गोष्टीची मूळ मालकीण उभी राहिली, मेरी शेली.

मेरीचा जन्म लंडनचा, ३० ऑगस्ट १७९७ चा. स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारी तिची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, बाळंतपणानंतर अवघ्या अकरा दिवसांत गेली. आईच्या थडग्यापाशी बसून ही मुलगी पुस्तके वाचायची. सोळाव्या वर्षी तिने पर्सी शेली या विवाहित कवीबरोबर घर सोडले. १८१५ मध्ये अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. पंधरवडाही जगली नाही. त्यानंतर मेरीला स्वप्न पडले की बाळ नुसते गारठले होते आणि शेकोटीपुढे चोळल्यावर ते जिवंत झाले. रोजनिशीत तिने तशी नोंद केली.

पुढच्याच वर्षी ही मंडळी जिनिव्हाच्या सरोवराकाठी होती. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीमुळे युरोपचा उन्हाळा हरवला होता. पावसाने घरात कोंडलेल्यांना कवी बायरनने भुताची एकेक गोष्ट लिहायला सांगितली. अठरा वर्षांच्या मेरीची गोष्ट वाढत गेली आणि १ जानेवारी १८१८ ला ‘फ्रँकेनस्टाइन’ निघाली. लेखिकेचे नाव नाही, प्रती पाचशे. फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचे नाव समजतात. ते त्याला घडवणाऱ्याचे. राक्षसाला नावच नाही. डोळे उघडताच त्याचा जन्मदाता घाबरून पळाला, तिथूनच तो बिघडला.

मेरीची आणखी दोन मुले दगावली, १८२२ मध्ये पर्सी समुद्रात बुडाला. एक मुलगा तेवढा उरला. १८५१ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, ती गेली.

चित्रपटातला व्हिक्टर पळत नाही. कुत्र्याला कुशीत घेतो. कुत्रा पुन्हा मरतो, तेव्हा सारे गावकरी मोटारींच्या बॅटऱ्या जोडून त्याला उठवतात. मुलांसाठी गोष्ट मऊ केली, असे कोणी म्हणेल. मला ती कादंबरीपेक्षा त्या स्वप्नाच्या जास्त जवळची वाटली.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मी लातूरला बँकेत होतो. एक बाई भूकंपात गेलेल्या मुलाच्या नावचे पासबुक घेऊन यायची. पैसे काढायला नव्हे, व्याजाची नोंद करून घ्यायला. खाते बंद करण्याचा अर्ज मी दोनदा तिच्यापुढे सरकवला होता. तिसऱ्यांदा मुकाट्याने नोंद करून दिली.

चित्रपट संपल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, पुस्तकातही कुत्रा जिवंत होतो?”

पुस्तकात कुत्रा नाही, एवढेच मी सांगितले.