चाक सोडलं तरी फिरतं : लक्ष्मणराव किर्लोस्कर

गाडी न्यूट्रलमध्ये आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी आरपीएमचा काटा लगेच खाली येत नाही, क्षणभर वरच रेंगाळतो. हॉस्टेलवर याला ठरलेलं उत्तर आहे : केबल अडकली असेल. कधीकधी ते खरंही असतं. पण केबल नवीकोरी असली तरी काटा थोडा रेंगाळतोच. मित्रांनो, त्याचं कारण शोधताना मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. त्यांनी मोटारगाडी बनवली नाही, पण जड चाकाशी त्यांची गाठ फार लवकर पडली.

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. ओढ चित्रकलेची. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं, की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला याहून मोठा घाव कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवूही लागले. (शीटवर ‘रिपीट’चा शेरा पडला की हा माणूस आठवावा!) पुढे बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचं दुकान होतंच. मग स्वतःचं यंत्र बनवायला घेतलं, ते कडबा कापायचं.

आपल्या बुलढाण्याकडे कुट्टी मशीन कोणाला सांगायला नको. पाती जड चाकाच्या आऱ्यांवर बसवलेली असतात. पातं कडब्यात शिरताना जोर लागतो, मधल्या वेळात लागत नाही. मधला जोर चाक साठवतं आणि कापताना परत देतं. थिअरी ऑफ मशीन्समधलं फ्लायव्हील ते हेच. वजन कडेला ठेवतात, कारण साठा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, वेगाच्याही वर्गाने. पण साठवलेलं एकदम संपत नाही. मोटारीवरचं कुट्टी मशीन लाइट गेल्यावरही फिरत राहतं, आणि अडकलेली पेंढी काढायला गेलेल्या माणसाचा हात जातो.

गाडीच्या इंजिनातही तेच चाक आहे. चार स्ट्रोकपैकी जोर एकाच स्ट्रोकला, बाकीचे तीन चाक ओढतं. म्हणून पाय काढला तरी ते लगेच थांबत नाही. शिवाय पेट्रोल इंजिनात थ्रॉटल झटकन मिटला, तर मॅनिफोल्डच्या भिंतीवरचं पेट्रोल व्हॅक्यूममुळे एकदम उडतं, त्याला हवा पुरत नाही आणि ते न जळताच धुराड्यातून बाहेर जातं. म्हणून काही कार्बुरेटरवर डॅशपॉट असायचा, तो थ्रॉटल हळू मिटवायचा. आता ते काम कॉम्प्युटर करतो. काटा फारच वेळ वर राहिला तर मात्र केबल, मळलेला थ्रॉटल, हवेची गळती बघावीच.

लक्ष्मणरावांचं पुढचं यंत्र म्हणजे लोखंडी नांगर, 1903 साली. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन विषारी होते. नांगर पडून राहिले, सुमारे दोन वर्षं. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

1946 मध्ये पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. ते काम मुलगा शंतनुरावांनी पाहिलं. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले, तोवर डिझेल इंजिनं बनू लागली होती. विहिरीवरचं तसलं इंजिन हँडल मारून सुरू करताना बघा. आधी डिकॉम्प्रेशनची खिटी उचलून चाक जोरात फिरवतात, मग खिटी पाडतात. पहिलं कॉम्प्रेशन माणसाच्या हाताला झेपत नाही. चाकात साठलेला वेगच पिस्टनला त्यातून पार नेतो.