कोर्बुझिए यांची छत्री आणि उन्हातला पक्षकार

स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या घड्याळजींच्या गावी १८८७ साली शार्ल-एदुआर झानरे यांचा जन्म झाला. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करीत, आई संगीत शिकवी. वास्तुशास्त्राची रीतसर पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. ल कोर्बुझिए हे नावही स्वतःच धारण केलेले. जिनिव्हातील राष्ट्रसंघाच्या वास्तूसाठी १९२७ च्या स्पर्धेत त्यांनी पाठविलेला आराखडा ठरावीक शाईने रेखाटला नाही, या सबबीवर बाद झाला. भव्य शासकीय वास्तू उभारण्याची त्यांची आकांक्षा पुरी झाली ती थेट आयुष्याच्या सातव्या दशकात, आणि तीही आपल्या देशात.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. चंदिगढच्या पहिल्या योजनेतील वास्तुकार मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात दगावले, आणि पुढच्याच वर्षी कोर्बुझिए तेथे दाखल झाले. पोलाद दुर्मीळ, मजूर स्वस्त, हे येथले अर्थकारण त्यांनी ओळखले. (अर्थशास्त्राच्या अध्यापकास हे विशेष जाणवते.) डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या श्रमांतून काँक्रीटचे उच्च न्यायालय उभे राहिले व १९५५ मध्ये नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. दालनांवर छत्रीसारखे दुसरे छप्पर आणि दोहोंमधून खेळणारा वारा, दर्शनी बाजूस ऊन अडविणाऱ्या काँक्रीटच्या चौकटी, प्रवेशद्वारी तीन प्रचंड रंगीत स्तंभ. न्यायासनावर ऊन येऊ नये याची चिंता या कल्पक माणसाने वाहिली. समोरच्या अफाट फरसबंद पटांगणावर मात्र सावलीचे नाव नाही. तारखेला आलेल्या शेतकऱ्याने दुपारी थांबावे कोठे, हा प्रश्न त्या भव्य आराखड्यात गौणच राहिला, असे मला वाटते.

१९६५ साली भूमध्य समुद्रात पोहताना कोर्बुझिए यांना मृत्यू आला. त्यांच्या कल्पनेतील उघड्या हाताचे शिल्प १९८५ मध्ये उभे राहिले. त्या पटांगणाभोवती पुढे सुरक्षेचे अडथळे आले, आणि २०१६ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात समाविष्ट केला. न्यायालयाच्या क्रमांक दोन ते नऊच्या दालनांसमोर व्हरांडा होता, पहिल्यासमोर नव्हता. तो बांधण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. वारशाला बाध येईल म्हणून चंदिगढ प्रशासन सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०२५ मध्ये कौल व्हरांड्याच्या बाजूने लागला.