दिवाडीचे महाले, रोमचे बिशप

भाईंदरजवळच्या चौक येथील धारावी किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत जिंकला. पोर्तुगिजांच्या धर्मसत्तेला आव्हान मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीच मिळाले होते, आणि तेही एका पदनामाने. ते पद होते व्हिकर अपोस्तोलिक.

व्हिकर म्हणजे लॅटिन भाषेत प्रतिनिधी. गोव्यातील चर्चच्या मुख्य पाद्रीला म्हणतात तो 'विगार' याच शब्दातून आला. पूर्वेकडील बिशप नेमण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला होता. तो काढून घेणे अवघड होते. त्यामुळे रोमने १६२२ मध्ये स्वतःचे धर्मप्रसार खाते स्थापन केले आणि राजाला न विचारता थेट पोपच्या वतीने कारभार पाहणारे प्रतिनिधी नेमण्यास सुरुवात केली.

मातेउश द कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्यातील दिवाड बेटावर झाला. घराणे महाले, ब्राह्मण ख्रिस्ती. शिक्षण होऊनही गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना पाद्रीपदाची दीक्षा नाकारली. तेव्हा ते इराणमार्गे रोमला पोहोचले, तेथे धर्मशास्त्र शिकले आणि तेथेच पाद्री झाले. गोव्यात परतल्यावर त्यांचे अधिकार कोणी मानले नाहीत. पुन्हा रोम गाठावे लागले. १६३७ मध्ये तेथे त्यांना बिशप करण्यात आले. नावाला ते क्रायसोपोलिस या नामशेष झालेल्या प्राचीन धर्मपीठाचे बिशप, प्रत्यक्षात आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपोस्तोलिक! लॅटिन पंथातील हे पहिले भारतीय बिशप.

पोर्तुगीज हद्दीत त्यांना थारा नव्हता. आदिलशाहीतील डिचोलीस राहून त्यांनी स्थानिक तरुणांना दीक्षा दिल्या. गोव्याने त्या अमान्य केल्या. पुढे १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून पोर्तुगिजांविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिली. विजापूरकर आणि डच यांच्याशी संधान बांधल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. अखेर रोमने त्यांना परत बोलावले. आपल्या माणसाचा त्रास रोमलाही नको झाला असावा. १६७७ मध्ये रोममध्येच त्यांचे निधन झाले. विजापूरचे पद तोपर्यंत कुस्तोदियो द पिन्यो यांच्याकडे गेले होते.

इंग्रजांनी १७२० मध्ये मुंबई बेटावरील पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री घालवून चर्चेस व्हिकर अपोस्तोलिकच्या हाती दिली. चौकला त्या वेळी पोर्तुगीजच होते. मुंबईतील हे पद १८८६ मध्ये आर्चबिशपपद निर्माण होईपर्यंत टिकले.