लाउरी रापाला

लाउरी रापाला (जन्म : २७ नोव्हेंबर १९०५, सिस्मा, फिनलंड, मृत्यू : २० ऑक्टोबर १९७४) हे फिनलंडमधील मच्छीमार आणि मासेमारीच्या कृत्रिम आमिषांचे निर्माते होते. पाण्यावर तरंगणारा आणि दोरी ओढताच दुखावलेल्या माशासारखा डुलत पोहणारा लहानसा कृत्रिम मासा त्यांनी १९३६ मध्ये हाताने कोरून तयार केला. पुढे त्यांच्याच आडनावाने ओळखले जाऊ लागलेले हे आमिष आज गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांतील हौशी मासेमारीत वापरले जाते.

जन्म आणि आडनाव

लाउरी यांचा जन्म झाला तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्याचा भाग होता. त्यांच्या आईचे नाव मारी सारिनेन. मायलेक आसिक्काला परिसरात राहावयास आले असता तेथील धर्मगुरूला नोंदवहीत लिहिताना आईचे आडनाव आठवेना; म्हणून त्याने ती ज्या गावाहून आली त्या गावाचे नाव, म्हणजे रापाला, हेच आडनाव म्हणून लिहिले, अशी हकीकत सांगितली जाते. फिनिश भाषेत 'रापा' म्हणजे चिखल. नोंदवहीतील या अपघाताने मिळालेले नाव पुढे व्यापारी मुद्रा होऊन जगभर पोहोचले.

१९२८ मध्ये त्यांचा एल्मा लेपॅनेन यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला सात अपत्ये झाली. पॅइयॅन्ने या विस्तीर्ण सरोवराच्या परिसरातील रीहिलाहती येथे हे कुटुंब राहत असे. जागतिक मंदीचा तो काळ होता. लाउरी उन्हाळ्यात मासेमारी करीत आणि हिवाळ्यात जंगलतोडीची किंवा शेतावरची मिळतील ती कामे करीत. घरातील अन्न आणि हातातील पैसा दोन्ही बऱ्याच अंशी सरोवरावरच अवलंबून होते.

आमिषामागील निरीक्षण

रापाला लांब दोरीला ओळीने गळ बांधून मासे धरीत. अशा एका दोरीला हजारापर्यंत गळ असत. प्रत्येक गळाला लहान मासा टोचावयाचा, तर आधी तेवढे लहान मासे पकडणे आले. दिवसाचा मोठा भाग या तयारीतच जाई. खऱ्या माशाऐवजी चालू शकेल आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल असे काही हाती असते, तर वेळ वाचला असता. त्यांच्या शोधाचे मूळ या गरजेत आहे. हौसेचा त्यात फारसा भाग नव्हता.

वल्ही मारताना ते पाण्यात पाहत. पाईक, ट्राउट यांसारखे शिकारी मासे लहान माशांच्या थव्यात शिरत, परंतु झडप घालीत ती बहुधा थव्यातील एखाद्या वेगळ्या पडलेल्या, किंचित कलत आणि अडखळत पोहणाऱ्या माशावर. विदर्भातील तलावांत मरळ पकडणाऱ्यांना हा स्वभाव नवा वाटणार नाही; पृष्ठभागावर तडफडणारा बेडूक दिसताच मरळही अशीच उसळी घेते. रापाला यांनी लक्ष दिले ते माशाच्या रंगाकडे वा आकाराकडे नव्हे, तर त्याच्या चालीतील या दोषाकडे. तोच दोष लाकडात कसा उतरवावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

पहिले आमिष

१९३६ मधील पहिले यशस्वी आमिष त्यांनी चांभाराच्या चाकूने बुचाच्या लाकडातून कोरले. वरून चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. रोगण मिळत नव्हते, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह फिती वितळवून त्याचा थर दिला. पुढे पाइन वृक्षाची साल आणि त्यानंतर वजनाने अतिशय हलके असे बाल्सा लाकूड वापरात आले.

या माशाच्या हनुवटीखाली एक तिरपी पट्टी असते. दोरी ओढली की पाणी पट्टीवर आदळते आणि आमिष खाली बुडू पाहते. त्याच वेळी पट्टीच्या दोन्ही कडांवरून पाणी आळीपाळीने निसटत असल्याने शरीर डावीउजवीकडे डुलते. लाकूड हलके असल्यामुळे हे डुलणे चपळ होते. दोरी सैल सोडली की आमिष पुन्हा वर येऊन तरंगते. म्हणूनच ते ओढून पाण्याखाली पोहविता येते, तसेच पृष्ठभागावर ठेवून लहान लहान झटक्यांनी बुचकळत नेता येते. या दुसऱ्या रीतीत ते मरू घातलेल्या माशासारखे दिसते.

जुळणी

कोणतीही दोन लाकडे घनतेने सारखी नसतात. एकाच मापाने कोरलेल्या दोन आमिषांपैकी एक सरळ पोहते आणि दुसरे एका कुशीवर कलून गोल फिरू लागते. रापाला यांच्या कामाचे खरे वैशिष्ट्य येथे आहे. त्यांनी प्रत्येक आमिष पाण्यात ओढून पाहण्याचा आणि ते योग्य डुलेपर्यंत त्यात सुधारणा करण्याचा परिपाठ ठेवला. ज्या आमिषावर घरची चूल अवलंबून आहे, ते अंदाजाने बनवून चालणारे नव्हते. कोरीव मासे त्यांच्या आधीही अनेकांनी केले होते. प्रत्येक नगाची अशी परीक्षा घेण्याची चिकाटी मात्र विरळा म्हणावी लागेल.

जुळणीची रीत साधी आहे. आमिषाच्या नाकाशी दोरी बांधण्यासाठी तारेची कडी असते. आमिष डावीकडे जात असेल तर कडी पक्कडीने किंचित उजवीकडे वाकवावयाची, उजवीकडे जात असेल तर डावीकडे. एका वेळी केसभरच वाकवून पुन्हा पाण्यात पाहावयाचे. कडी पिळावयाची नाही, कारण ती लाकडात सैल झाली की फटीतून पाणी शिरते आणि आमिष फुगते. दोरीची गाठही महत्त्वाची ठरते. गाठ नाकाशी घट्ट आवळली तर डुलणे दबते, म्हणून सैल फासाची गाठ मारतात. अशा एका गाठीला रापाला यांचेच नाव पडले आहे. मोठा मासा लागून गेल्यावर कडी बहुधा वाकलेली असते आणि ही जुळणी नव्याने करावी लागते.

प्रसार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कामात खंड पडला. युद्धानंतर मुले हाताशी आली आणि उत्पादन हळूहळू वाढले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निमित्ताने आलेल्या परदेशी पाहुण्यांबरोबर काही आमिषे देशाबाहेर गेली. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील विक्रेते रॉन वेबर यांच्या पाहण्यात हे आमिष आले, आणि त्यांनी रे ऑस्ट्रम यांच्यासह १९६० च्या सुमारास त्याची आयात सुरू केली.

१७ ऑगस्ट १९६२ च्या 'लाइफ' साप्ताहिकात या आमिषावर लेख आला. नुकत्याच निधन पावलेल्या मेरिलिन मन्रो यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर असल्याने तो अंक प्रचंड खपला. त्यानंतर सुमारे ३० लाख नगांची मागणी आल्याचे कंपनीकडून सांगितले जाते. घरगुती पद्धतीने ती पुरी होणे शक्यच नव्हते. कोरण्याच्या कामासाठी यंत्रे आली. पुढे व्हॅक्सी येथे मोठा कारखाना चालू लागला. तरीही प्रत्येक आमिष टाकीतील पाण्यात ओढून पाहण्याची प्रथा सोडली गेली नाही. लाउरी यांचे १९७४ मध्ये निधन झाल्यावर कुटुंबीयांनी व्यवसाय पुढे चालविला.

खाऱ्या पाण्यातील बदल

सरोवरातील ट्राउटसाठी घडविलेले हे आमिष अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास या मोठ्या व ताकदवान माशासाठीही वापरले जाऊ लागले. तेथे मूळचे बारीक गळ वाकतात आणि खाऱ्या पाण्याने गंजतात. म्हणून हौशी मासेमार ते काढून जाड गळ बसवितात. गळ जड झाला की आमिष पाण्यात खोल बसते आणि डुलणे मंदावते. मग मागील गळ हलका ठेवणे किंवा तो काढून टाकणे असे उपाय करावे लागतात. समुद्रवाऱ्यात बाल्साचे हलके आमिष लांब फेकले जात नाही. त्यासाठी काहीजण गळाच्या दांड्याला शिशाची तार गुंडाळतात. याच घाटाच्या पोकळ प्लॅस्टिकच्या आमिषांत भोक पाडून पाणी किंवा छर्रे भरण्याचीही रीत आहे. मात्र भार मध्यापासून थोडा जरी सरकला, तरी आमिष नाकावर किंवा शेपटीवर कलते. रात्रीच्या शांत पाण्यात ते अगदी सावकाश ओढून पृष्ठभागावर पाचराच्या आकाराची लाट उमटवीत नेतात. अशा प्रत्येक बदलानंतर नाकाची कडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.