ललिता पवार : चेहऱ्याच्या नसेची दुखापत आणि पुढची पन्नास वर्षे

'श्री ४२०'मधली केळी विकणारी गंगामाई किंवा दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा तुम्हाला आठवत असेल. दोन्ही भूमिका ललिता पवार यांनी केल्या. त्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक दिसायचा. अनेक प्रेक्षकांना तो अभिनयाचाच भाग वाटे. प्रत्यक्षात ती एका अपघाताची खूण होती. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल आणि आता लोकांसमोर कसे जायचे ही चिंता असेल, तर त्यांचे आयुष्य तुमच्या उपयोगाचे आहे.

नायिका आणि अपघात

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. मूळ नाव अंबा. मूकपटांच्या काळात, लहान वयातच त्या पडद्यावर आल्या. बोलपट आल्यावर नायिका म्हणून नाव झाले. त्या स्वतःची गाणी गात आणि चित्रपटनिर्मितीतही उतरल्या होत्या.

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांच्या थोबाडीत मारायची, असा प्रसंग होता. हेतू फक्त अभिनयाचा होता, पण फटका जोरात बसला. चेहऱ्याला लकवा झाला आणि डाव्या डोळ्यालाही इजा झाली. त्या वेळी त्या २६ वर्षांच्या होत्या. उपचार काही वर्षे चालले. चेहरा बराच सावरला, डोळ्यातला दोष मात्र कायम राहिला. नायिकेच्या भूमिका तिथेच थांबल्या.

नेमके काय बिघडते?

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाच्या खालून, जबड्याच्या सांध्याच्या मागून बाहेर येते आणि गालात तिच्या फांद्या पसरतात. जोराचा मार, कवटीच्या हाडाचे फ्रॅक्चर किंवा नसेची सूज यामुळे ती दबते. मग त्या बाजूचा डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढले जातात, चूळ भरताना पाणी सांडते, घास गालात साचतो. चावण्याचे स्नायू दुसऱ्या नसेवर चालतात, म्हणून जबडा उघडतो आणि मिटतो. पण बरेच रुग्ण सतत एकाच बाजूने चावू लागतात. त्यामुळे जबड्याच्या सांध्यावर ताण येऊन तो दुखू शकतो.

तुटलेली नस पुन्हा वाढताना दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणूनच मोठ्या दुखापतीनंतर सुधारणा दिसायला महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

दुसरी कारकीर्द

१९४४ मध्ये पुण्याच्या 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'मध्ये ललिताबाई आनंदीबाई झाल्या. पुढे खाष्ट सासू, कपटी नातेवाईक, मायाळू आई अशा चरित्र भूमिका त्यांनी केल्या. बारीक झालेला डोळा त्यांनी लपवला नाही. १९५५ मध्ये 'श्री ४२०' आला. १९५९ च्या 'अनाडी'मधील मिसेस डिसा या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला. सत्तरी ओलांडल्यावर मंथरेच्या भूमिकेने त्या घरोघरी पोचल्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले.

तुम्ही काय कराल?

औंधपासून देहूरोड फार दूर नाही. देहूरोड, तळवडे, चाकण या पट्ट्यात रात्रपाळी करून बसच्या खिडकीशी झोपलेल्या माणसाचे तोंड सकाळी वाकडे दिसले, की घरचे 'वारं गेलं' असे म्हणून मालिश सुरू करतात. त्याआधी पुढील गोष्टी पाहा.

• हातापायात अशक्तपणा, बोलणे अडखळणे, तोल जाणे किंवा तोंड वाकडे असूनही कपाळाला दोन्हीकडे सारख्या आठ्या पडणे, यांपैकी काहीही असेल तर तो मेंदूचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. शंका असली तरी थांबू नका.

• फक्त चेहराच लुळा असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मार लागलेला नसताना होणाऱ्या लकव्यात (बेल्स पाल्सी) स्टिरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू केल्या, तर जास्त उपयोग होतो. यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.

• डोळा जपा. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. कारखान्यात धूळ, वेल्डिंग असेल तर चष्मा हवाच.

• फिजिओथेरपी आरशासमोर आणि हळूवार करायची असते. भुवया उचलणे, डोळा अलगद मिटणे, ओठांचा चंबू करणे, हसणे, प्रत्येक हालचाल थोडी आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवून. जोर लावून फुगे फुगवणे किंवा दिवसभर च्युइंगगम चघळणे टाळा. त्याने चांगली बाजू आणखी ओढते आणि पुढे हसताना डोळा आपोआप मिटण्यासारख्या चुकीच्या हालचाली पक्क्या होऊ शकतात.

• जबडा दुखत असेल तर दिवसातून दोनतीनदा दहा मिनिटे कोमट शेक घ्या. गालाला स्पर्श कमी कळत असेल तर शेक आधी हातावर तपासा. जीभ टाळूला टेकवून तोंड हळूहळू उघडा. घास लहान घ्या. दुखणे तरीही राहिले तर फिजिओथेरपिस्टना सांगा, ते जबड्याचा सांधाही तपासतील.

• तीन महिन्यांनंतरही काहीच हालचाल परतली नाही, तर नसेची तपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्या. उशिराही करता येण्यासारखे उपचार असतात.

घरच्यांनी एक लक्षात ठेवावे. रुग्णाला चेहरा रुमालाने झाकायला सांगू नका आणि कामावर जाण्यापासून अडवू नका. ललिताबाईंचा डोळा पूर्वीसारखा झाला नाही. तरीही अपघातानंतर त्यांनी पन्नास वर्षे कॅमेऱ्यासमोर काम केले.